दिगूभाऊंनी भोकं पाडलेले टाळ

चांगलं वाद्य बिघडवायचं असेल तर ते जानेफळला आमच्या शेजारी नेऊन द्यावं. तिथं दिगूभाऊ नावाचा सुतार राहतो. त्यानं पेटीच्या पट्ट्यांवर लाकडी चमचे ठोकलेत, ढोलकीला सायकलचं पायडल जोडलंय. का, तर ज्यांचे हातपाय चालत नाहीत, त्यांना ती वाजवता आली पाहिजेत. मी काही बोललो, की उत्तर ठरलेलं: "वाद्य वाकवा ना मास्तर, माणसाले काऊन वाकवता?"

आणि या गृहस्थाला स्वतःला तालाचा गंध नाही! भजनी मंडळात आम्ही अभंग आटपून प्रसादाला हात पुढे करायचो, तरी याचं शेवटचं कडवं चालूच. मृदंग माझ्याकडे. एकदा चारचौघांत मीच सुनावलं, "तुमी नुसते आयकाले येत जा." तो ऐकायलाही आला नाही. ब्याद टळली, असं मला वाटलं.

मागच्या वर्षी माझ्या बायकोला, कमलला, लकवा झाला. उजवा हात मांडीवर ओल्या फडक्यासारखा पडलेला. डॉक्टरांनी चेंडू दाबायला सांगितला. तिनं तिसऱ्या दिवशी तो डाव्या हातानं खिडकीबाहेर भिरकावला. तो घेऊन नेमका दिगूभाऊ आत आला.

"बराबर केलं वैनी. चेंडू काही बोलते का?"

मग माझ्या आजोबांचे काशाचे टाळ त्यानं न विचारता उचलले आणि काठाला भोकं पाडली! एक पाटावर ठोकला, दुसरा त्याच्यासमोर सायकलच्या ट्यूबला लोंबकळत ठेवला. नुसता हात ढकलला तरी वाजावा. दर आठवड्याला येऊन तो पाट चार बोटं लांब सरकवायचा. मी धुसफुसत राहायचो.

एकादशीला कमलनं हात मांडीवरून उचलला आणि टाळ वाजवला. मला राहवेना. मी मृदंग ओढून ठेका धरला, तसा तिचा हात गोंधळला आणि खाली पडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थांबा मास्तर," दिगूभाऊ म्हणाला आणि अभंग म्हणू लागला. एक शब्द म्हणायचा, तिच्या हाताची वाट बघायचा. टाळ वाजला की पुढचा शब्द. कितीतरी वेळ लागला, पण शेवटी दोघं बरोबर समेवर आले.

दिगूभाऊनं उपरण्यानं तोंड पुसलं. "इतके वर्स घरी एकटाच अभंग म्हणून राह्यलो मास्तर. आज कोनी संगं होतं. उद्या येऊ का?"

मला माझी लाज वाटली. मी मृदंग भिंतीला लावून ठेवला.

"रोज या," मी म्हणालो. "मी नुसता आयकाले बसतो."