साळवेकाकांचा दुसरा कोस

साळवेकाकांच्या स्कूटरवर मागे बसलात की उतरायचं ठिकाण तुमच्या हातात राहत नसे. तुम्ही म्हणालात, "काका, नाक्यावर सोडा," तर नाका यायचा, जायचा, आणि काका आपले पुढेच. मागून ओरडावं, "अहो, नाका गेला!" तर म्हणायचे, "जाऊ दे रे, नाक्यापर्यंत कोण पण सोडतो."

धाटावच्या कंपनीत आम्ही एकाच शिफ्टला आणि रोह्यात शेजारी. पहिल्यांदा मला वाटलं, स्कूटरचा ब्रेक गेलाय. ब्रेक ठणठणीत होता. काकांनी येशूसारखं वागायचं मनावर घेतलं होतं, एवढंच. कुणी एक कोस चल म्हणाला तर त्याच्यासोबत दोन कोस जा, अशी येशूची शिकवण. बाकीचे ख्रिस्ती लोक त्यातला भाव घेतात. काकांनी अंतरच घेतलं! एकदा तहसील कचेरी विचारणाऱ्या एका माणसाला ते कचेरीच्या दारावरून थेट कुंडलिका नदीच्या काठाला घेऊन गेले. परत येईपर्यंत कचेरीत जेवणाची सुट्टी झाली. मग त्याला स्वतःचा डबा खाऊ घातला. तो घास गिळत होता आणि रडकुंडीला आला होता.

शत्रूवर प्रेम करायचं म्हणून शत्रूही शोधून काढला होता. आमचा सुपरवायझर. कँटीनमध्ये डोळे मिटून काका त्याच्यासाठी नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना करायचे. शेवटी तोच हात जोडून आला, "साळवे, पाया पडतो, लोक हसतात मला." काका म्हणाले, "बघ, नम्र झाला."

माणूस असा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एका नाताळला मला उपासनेला घेऊन गेले. प्रभुभोजनाची वेळ आली. भाकरीच्या तुकड्यांचं ताट एकाकडून दुसऱ्याकडे जात होतं. काकांनी ते घेतलं आणि स्वतः काही न उचलता पुढे सरकवलं. मला वाटलं, उपास असेल. बाहेर आल्यावर विचारलं.

"भावाशी तुटलंय माझं," ते म्हणाले. "आधी त्याच्याशी समेट, मग हे. तोवर हात लावायचा नाय."

काकांचं नाव शमुवेल, भावाचं दाविद. हा दाविद पेणला राहायचा, डोलवीच्या प्लँटमध्ये कंत्राटी कामाला. आई त्याच्याकडेच होती. आई सिरियस आहे, असा निरोप आला तसे काका स्कूटरवरून निघाले. नागोठण्याला एसटी चुकलेला एक म्हातारा उभा होता. काकांनी त्याला त्याच्या गावी नेलं, आणि अर्थातच गावाच्याही पुढे नेलं. पेणला पोचले तोवर आई गेली होती. मातीच्या वेळी दाविद सगळ्यांदेखत म्हणाला, "वाटेवरच्या लोकांचा येशू झालास. आईचा शमुवेल झाला असतास तर बरं झालं असतं."

तेव्हापासून इतकी वर्षं दोघांत एक शब्द नाही.

"मग जा की हो!" मी म्हणालो. "पेण काय सातासमुद्रापलीकडे आहे?"

"शत्रूवर प्रेम करायचं जमतं रे," काका म्हणाले. "पण तो शत्रू नाय. त्याचं बरोबर हाय. तेच जड जातं."

माझं डोकंच सटकलं. जगाला पोचवत फिरणारा माणूस, आणि स्वतः एवढंसं जाईना! मी किल्ली हिसकावून घेतली. "बसा मागे. आज मी चालवतो." वडखळच्या फाट्यावर काका म्हणाले, "थांब रे, त्या बाईला अलिबागची गाडी दाखवून येतो."

"ती गाडीतच बसतेय काका! बसा गप."

दार दाविदनेच उघडलं. दोघंही दिसायला एकसारखे, नाक तर हुबेहूब. "कशाला आलास?" त्याने विचारलं. मला वाटलं, आता काका एखादं वचन सांगणार. धसकाच घेतला मी.

"तू बोललास ते खरं होतं," काका म्हणाले. "राहिलं असेल ते पण बोल. मी हाय उभा."

आणि दाविद बोलला की हो! गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. इतक्या वर्षांचं सगळं त्याने बाहेर काढलं, आईच्या औषधांपासून तिने दाराकडे लावलेल्या डोळ्यांपर्यंत. काका मान खाली घालून ऐकत होते. मग दाविदलाच रडू फुटलं.

"शेवटी तुझंच नाव घेत होती ती. म्हणाली, शमू उशिरा येईल, त्याला ओरडू नकोस. मी ओरडलो. आणि हे तुला कधी सांगितलं नाय. मुद्दाम नाय सांगितलं."

काका उंबऱ्यावरच खाली बसले. मी तोंड फिरवलं.

"काय म्हणाली?" काका विचारत होते. "परत सांग."

दाविद त्यांच्या शेजारी टेकला आणि परत सांगू लागला.