पुराव्यासाठी पांढरं कापड

यापुढे पुराव्याशिवाय बोलायचं नाही, असं मी एका रविवारी सकाळी चहा पिता पिता ठरवलं, आणि संध्याकाळपर्यंत मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

त्याचं असं झालं. मी ठाम मतांचा माणूस आहे. दूध कशामुळे नासलं, शेजाऱ्यांची गाडी का बंद पडली, साहेबांची बदली कुठे होणार, हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगतो. (विचारत कुणीच नाही, म्हणून आधी सांगावं लागतं.) त्यावर बायकोचा एकच शब्द येतो, "कशावरून?" या शब्दापुढे माझी भलीभली मतं आडवी झाली आहेत. परवा फ्रीज बंद पडला तेव्हा कॉम्प्रेसर गेला, असं मी जाहीर करून टाकलं. तिनं निसटलेला प्लग नीट बसवला आणि मतासकट मला बाजूला सारलं.

पण छताच्या बाबतीत मी बरोबर होतो. ज्या खोलीत ही शिवणाचं मशीन घेऊन बसते, तिथे छताला ओल धरली होती, आणि बरोब्बर वर जजसाहेबांचं बाथरूम. (ते निवृत्त झालेत, पण त्यांना ते कुणी कळवलेलं दिसत नाही.) मी वर जाऊन म्हणालो, तुमचं बाथरूम गळतंय. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "कशावरून?" खाली ओल दिसतेय म्हणालो, तर म्हणाले, त्यावरून ओल आहे एवढंच ठरतं, ती आमची आहे हे ठरत नाही. बाहेरच्या भिंतीतून येत असेल, नाहीतर तुमच्याच पाइपातून. मी मुकाट्यानं खाली आलो. असं विचारणारं एक माणूस मला घरात पुरेसं होतं.

मग ऑफिसातल्या स्टोअरकीपरला फोन लावला. त्याला सगळं माहीत असतं. तो म्हणाला, सोपं आहे, वरच्या बाथरूममध्ये रंगीत पाणी ओता, खाली रंग उतरला की विषय संपला. जजसाहेबांनीही परवानगी दिली आणि निकाल लागेल तो मान्य करू, असं गंभीरपणे सांगितलं. मी कपड्यांना घालायच्या निळीची बाटली घेऊन गेलो. खरं तर चमचाभर पुरते. पण पुरावा कसा भरभक्कम हवा, म्हणून मी अख्खी बाटली रिकामी केली आणि वर बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं.

बायको तेव्हा पडद्यांच्या कड्या आणायला बाजारात गेली होती. इथे सांगायला हवं की जजसाहेबांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, आपल्या दिवाणखान्याचे पडदे हिच्याकडे शिवायला टाकले होते. हिची पहिली मोठी ऑर्डर. पसंत पडली तर काकूंच्या क्लबच्या हॉलचं सगळं काम मिळणार होतं, आणि कुरकुरणारं जुनं मशीन बदलायचं ते त्याच जोरावर. आठवडाभर ती जेवतानाही पडद्यांबद्दलच बोलत होती आणि मी लक्ष देऊन ऐकत होतो. (म्हणजे मधूनमधून हुं म्हणत होतो.)

छताखाली खुर्ची टाकून बसलो, तेव्हा एक अडचण ध्यानात आली. आमची फरशी काळपट. तिच्यावर निळा थेंब दिसणार कसा? खाली काहीतरी पांढरंशुभ्र हवं. मशीनवर पांढऱ्या कापडाची एक घडी होतीच. अस्तर असणार, असं माझं ठाम मत झालं. मी ती उलगडली आणि चारी कोपरे ओढून, एकही सुरकुती राहू न देता जमिनीवर पसरली.

थोड्या वेळानं टप्. मग टप् टप्. चांगले निळेशार थेंब. आयुष्यात पहिल्यांदा माझं म्हणणं माझ्या डोळ्यांदेखत खरं ठरत होतं. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. आणखी बरेच थेंब पडू दिले, हात आखडता घेतला नाही. मग कापड दोन्ही हातांनी पुढे धरून धावत जिना चढलो.

जजसाहेबांनी ते टेबलावर पसरून भिंगातून नीट पाहिलं. "पुरावा निर्विवाद आहे," ते म्हणाले. "गळती आमचीच." मी छाती पुढे काढून उभा राहिलो. तेवढ्यात काकू आतून आल्या. त्यांनी कापडाची किनार हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"ही किनार मी निवडलेली," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमचा हा पुरावा आमच्या खिडकीला लावायचा होता."

मागे कड्यांची पिशवी खळकन पडली. दारात बायको उभी होती. तिनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी काहीच विचारलं नाही. तिचे डोळे भरले होते. आपलं म्हणणं नेहमीसारखं चुकीचं निघालं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटलं.

काकू मात्र जजसाहेबांकडे बघत होत्या. बाथरूम गळतंय हे त्या वर्षभर सांगत होत्या आणि साहेब वर्षभर त्यांच्याकडे पुरावा मागत होते. त्यांनी हिला जवळ घेतलं. "रडतेस काय? शिवण सुरेख आहे. बाकीचे पडदे दे आणि हाही असाच दे. हा मी यांच्या खुर्चीसमोर लावणार आहे." क्लबच्या हॉलचं कामही त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकलं. जजसाहेब बराच वेळ भिंग पुसत बसले.

मग प्लंबर आला. त्यानं वरची फरशी उकरली, नवी बसवली आणि आता थेंबसुद्धा गळणार नाही, असं छातीठोकपणे सांगून निघाला. बायको आणि काकू, दोघींनी त्याला दारातच अडवलं. सिद्ध करून दाखव म्हणाल्या. पुन्हा नीळ, पुन्हा पाणी आणि खाली पुन्हा पांढरं कापड. या खेपेला कापड निवडायचं काम बायकोनं माझ्यावर सोपवलं नाही. कपाट उघडून तिनं स्वतःच निवडलं.

प्लंबरला परत बोलावलं आहे. मी आज ऑफिसात निळ्या ठिपक्यांचा शर्ट घालून बसलो आहे. साहेबांनी जाता जाता विचारलं, सेलमध्ये घेतलात का? मी हो म्हणून टाकलं.