खडूसबाई०४ आणि दोनशे चौदा प्रश्नचिन्हं

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूच नये. माझ्यावर गुदरलं नसतं तर माझाही बसला नसता. एका दुपारी, नुसते डोळे आणि दहा बोटं यांच्या जोरावर, मी आमच्या सूनबाईची पीएचडी बुडता बुडता वाचवली! ती बुडायला कुणी घातली होती हा प्रश्न तुमच्या मनात येईल. तो तूर्त बाजूला ठेवा.

लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायची मला जुनी सवय आहे. समोर आमची ही मटार सोलत बसली आहे. ती ऐकत नाही असं समजून मी वाचतो आणि मी तिला ऐकवत नाही असं समजून ती ऐकते. बेचाळीस वर्षं संसार असाच चालला आहे.

आधी माझा अधिकार सांगतो. एका छापखान्यात मी छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली. चूक मला दिसत नाही, तिचा मला वास येतो. एका चांगल्या हयात गृहस्थांच्या नावामागं 'कै.' छापलं जाणार होतं, ते मी चालू यंत्रात हात घालून थांबवलं. ते गृहस्थ पुढं वीस वर्षं जगले, ते माझ्यामुळं.

"अकरा," ही म्हणाली.

बरं, अकरा.

तर आमची सूनबाई इंजिनियरिंग कॉलेजात शिकवते, आणि तिचा प्रबंध होता भिंतींना येणाऱ्या ओलीवर. सहा वर्षं तिनं ओलीचा अभ्यास केला. त्या सहा वर्षांत आमच्या मागच्या खोलीतली ओल जमिनीपासून निघून खिडकीपर्यंत पोचली. मी एकदा तसं सुचवून पाहिलं, तर म्हणाली, "बाबा, ओलीचा अभ्यास वेगळा आणि गिलावा वेगळा." शिकलेल्या माणसाशी वाद घालू नये, त्यांच्याकडं तळटीपा असतात.

प्रबंध तिनं लिहिला होता तोही चारचौघांसारखा नाही. साध्या मजकुराची फाईल. ठळक नाही, तिरपं नाही, पान म्हणून काही नाहीच. नुसती अक्षरं, आणि मध्येमध्ये उलट्या तिरप्या रेघा आणि महिरपी कंस. बटण दाबलं की यंत्र त्या रेघा वाचतं आणि पानं जुळवून, समास सोडून, आकडे घालून ग्रंथ पुढ्यात ठेवतं. आमच्या छापखान्यात हे काम चार जुळारी आठवडाभर करायचे, तेही एकमेकांना शिव्या घालत.

संदर्भांची यादी वेगळ्या फाईलीत. तिनं मला नीट समजावून सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू. म्हणाली, हे स्टेशनवरच्या सामानघरासारखं आहे. यादीतल्या प्रत्येक पुस्तकाला एक बिल्ला बांधलेला. प्रबंधात पुस्तकाचं नाव लिहायचं नाही, नुसता बिल्ला दाखवायचा. यंत्र यादीतून त्या बिल्ल्याचं पुस्तक हुडकतं आणि नाव आपलं आपण छापतं. मी मान डोलावत होतो. पण त्याच वेळी मला चौथ्या ओळीत एक जादा स्वल्पविराम दिसला, आणि जादा स्वल्पविराम दिसला की मला दुसरं काही ऐकू येत नाही.

शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचला विद्यापीठाची खिडकी बंद. खिडकी म्हणजे संगणकावरची, पण बंद होते ती खऱ्या खिडकीपेक्षा घट्ट. पाच वाजून एक मिनिट झालं की नोंदणी रद्द, पुन्हा अर्ज, वर्ष गेलं. सूनबाईला नेमकी त्याच दिवशी परीक्षेची ड्यूटी लागलेली. सकाळी चपला घालता घालता ती मला म्हणाली, "बाबा, यादीतलं शुद्धलेखन तेवढं बघून ठेवा. फक्त पुस्तकांची नावं. बाकी कशाला हात लावू नका. मी साडेचारला येऊन पाठवते."

मी यादी उघडली. प्रत्येक पुस्तकाच्या डोक्यावर एक शब्द होता. पहिलाच शब्द: टकल्या८७. मी चष्मा पुसला. खाली: रडका९९. तोचतो०३. झोपआली११. नऊ-नऊ ग्रंथांचे धनी असलेले हे विद्वान, आणि आमच्या घरची सून त्यांना काय म्हणत होती! मी सरकत सरकत पुढं गेलो, आणि एका ओळीवर थांबलो.

खडूसबाई०४.

त्याखाली नाव होतं ते तिच्या मार्गदर्शक बाईंचं. त्यांचाच निबंध. याच बाई प्रबंधावर सही करणार होत्या. हे असंच छापलं गेलं तर? बाई पान उलटतात, चष्मा सावरतात, वाचतात, आणि पेन खाली ठेवतात. सहा वर्षं ओलीत गेली. आता तुम्ही म्हणाल, ते छापलं जात नाही, तो नुसता बिल्ला. हो, पण तो स्वल्पविराम आडवा आला होता ना.

हिला बोलावलं. तिनं वाचलं, पदर तोंडाला लावला, आणि म्हणाली, "तिनं हात लावू नका म्हटलंय."

"अगं, माणूस जिन्यावरून घरंगळताना दिसला तर त्याची परवानगी विचारत बसतात का?"

"तुम्ही पडलेल्यावर पडता," असं म्हणून ती आत गेली.

मी कामाला लागलो. खडूसबाईंना 'आदरणीयबाई' केलं. टकल्याला 'विशालभाल'. रडक्याला 'हळवे'. तोचतोला 'निष्ठावान', झोपआलीला 'शांतचित्त', आणि अशीच पुढं सगळ्यांना नवी नावं. हात बसल्यावर मग लेखकांच्या नुसत्या नावांकडं बघवेना. एवढी थोर माणसं आणि मागं साधं 'श्री.' नाही! सगळ्यांना 'श्री.' लावलं. ज्यांचं पुस्तक चाळीस वर्षांमागचं, ते बिचारे आता कुठले असायला, म्हणून त्यांना 'कै.'. एकूण दोनशे चौदा असामी. प्रत्येक दुरुस्तीनंतर फाईल सेव्ह करायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. छापखान्याची शिस्त. केलेलं उलटं फिरवायची काही सोय असते म्हणे, पण फाईल बंद केली की ती सोयही घरी जाते हे मला मागाहून कळलं.

मग मोठ्या समाधानानं मी बटण दाबलं.

यंत्र गुरगुरलं. त्यानं पानं जुळवली. मी वाचू लागलो: "ओल जमिनीतून वर चढते असे [?] यांनी सिद्ध केले. [?] यांना हे मान्य नाही. [?] आणि [?] यांच्यातील वाद सर्वश्रुत आहे."

पान उलटलं. प्रश्नचिन्हं. आणखी दहा पानं, प्रश्नचिन्हंच. सगळ्या प्रबंधावर कुणी अळ्या सोडल्यासारखी. शेवटी यादी बघायला गेलो, तर यादीच नाही! 'संदर्भ' असा मथळा आणि खाली धुतलेल्या पाटीसारखं पान. दोनशे चौदा विद्वान, विशालभालासकट, घर सोडून गेले होते.

घड्याळात बारा वाजले होते, आणि माझ्या तोंडावरही. ही चहा घेऊन आली होती, ती माझ्या मागं क्षणभर उभी राहिली, आणि कप ठेवून आत गेली. आतून तिचा फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. शेजारीण असणार. घर जळत असलं तरी बायकांना शेजारणीशी बोलायला वेळ मिळतो, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

पहिला उपाय सुचला तो सोपा होता. प्रश्नचिन्हं नकोत ना? काढून टाकू. प्रबंधाच्या फाईलीत शिरलो आणि हुकूम सोडला: जिथं प्रश्नचिन्ह असेल तिथं पूर्णविराम घाल. यंत्रानं घातले. पुन्हा बटण दाबलं. ती सगळी चिन्हं जागच्या जागी! कारण ती फाईलीत नव्हतीच, ती यंत्राच्या पोटातून येत होती. फाईलीत होते ते सूनबाईचे खरेखुरे सात प्रश्न. 'संशोधनाचे प्रश्न' या प्रकरणात आता असं वाचायला मिळत होतं: "ओल का येते. ती थांबवता येईल का. यावर उपाय आहे का." सहा वर्षांचं संशोधन एकाएकी म्हाताऱ्या माणसाच्या पुटपुटण्यासारखं वाटायला लागलं. ते सात मी हातानं परत घातले.

दोन वाजता फोन वाजला. सूनबाई.

"बाबा, जमतंय ना?"

"अगदी."

"कुठं काही बदललं नाही ना?"

"एखादा स्वल्पविराम."

पलीकडं तिला जोराचा खोकला आला. बराच वेळ खोकत होती. मी म्हटलं, वाफ घे. मग ती म्हणाली, तिला यायला उशीर होणार आहे, तेव्हा पाचच्या आत प्रबंध मीच पाठवून द्यावा. पासवर्ड सांगते, लिहून घ्या. आणि पुन्हा खोकला. मी पासवर्ड लिहून घेतला आणि सवयीनं तोही दोनदा तपासला.

आता खरा माझ्यातला मुद्रितशोधक जागा झाला. मला तो सामानघराचा दाखला आठवला. सगळा, स्वल्पविरामाच्या पलीकडचाही. प्रबंधातले बिल्ले जुनेच होते, टकल्या आणि रडका. यादीतले मी बदलले होते. म्हणजे दाराशी माणूस टकल्याचा बिल्ला दाखवतोय आणि आत हमाल म्हणतोय, इथं टकल्या कुणी नाही, विशालभाल आहेत. जुना बिल्ला ज्याचा त्याला परत बांधायचा, एवढंच काम. फक्त कुणाचा कुठला, ते माझ्या लक्षात नव्हतं. सव्वातीनशे होते!

"मघाशी दोनशे चौदा होते," ही म्हणाली. मटारची शेंग फुटल्याचा आवाज आला.

दोनशे चौदा. पण घाबरलेल्या माणसाला सव्वातीनशे वाटतात, हे मी लिहायचं राहिलं होतं.

आकडा म्हणजे पुस्तकाचं साल, हे मी ओळखलं. पण नव्याण्णव सालचे नऊ जण निघाले. त्यातला रडका कोण? मी प्रबंधातलं त्याचं वाक्य काढलं: त्यांच्या मते परिस्थिती गंभीर असून निधी अपुरा होता. नऊ निबंध उघडून बघितले. एकाची सुरुवातच 'दुर्दैवानं' या शब्दानं होती. बांधला त्याला बिल्ला. झोपआली११ कोण, हे ठरवायला दोन निबंध वाचायला घेतले. दुसऱ्याच्या तिसऱ्या ओळीवर मी टेबलावर डोकं ठेवलेला हिला सापडलो. उठवल्यावर पहिलं काम केलं ते त्या निबंधाला बिल्ला बांधायचं. टकल्यासाठी छायाचित्रं शोधली. पण सत्त्याऐंशी सालचे तिघेही टकले! शेवटी ज्याच्या कपाळावर फोटोग्राफरचा दिवा चमकत होता त्याला न्याय दिला.

साडेचारला शेवटचा बिल्ला बांधला. बटण दाबलं. प्रश्नचिन्हं पटापट मिटली, आणि यादी परत आली.

पण यंत्र यादी लावतं ती अक्षरांच्या क्रमानं. त्यानं सगळे 'कै.' एकीकडं केले आणि सगळे 'श्री.' दुसरीकडं. आधी ओळीनं मेलेले, मग ओळीनं जिवंत, एखाद्या शिस्तीच्या हॉस्पिटलासारखे. आणि मेलेल्यांत सातव्या क्रमांकावर एक नाव होतं, ते मी कुठंतरी पाहिलं होतं. कुठं? कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या विद्यापीठाच्या पत्रात! बाहेरचे परीक्षक म्हणून! पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा घ्यायला येणारा माणूस मी स्वतःच्या हातानं मारला होता. ज्या 'कै.'पासून आयुष्यभर माणसं वाचवली, तोच.

पुढची वीस मिनिटं मला आठवत नाहीत. ही म्हणते, मी उभ्यानं टंकत होतो आणि प्रत्येक 'कै.' पुसताना "उठा" असं म्हणत होतो. चार पंचावन्नला सगळे जिवंत झाले. चार छप्पन्नला पासवर्ड घातला. चार सत्तावन्नला मी 'पाठवा' हे बटण दाबलं. एक चक्र फिरायला लागलं. ते फिरत होतं आणि मला माझी छत्तीस वर्षं, सूनबाईची सहा वर्षं आणि भिंतीवरची खिडकीपर्यंत पोचलेली ओल, सगळं एकदम दिसत होतं. चार अठ्ठावन्न. आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं: "आपला प्रबंध मिळाला आहे. आभारी आहोत."

शेंगा फुटायचा आवाज थांबला.

"'आधीच' राहिलं," ही म्हणाली.

"काय?"

"'आपला प्रबंध आधीच मिळाला आहे.' असं होतं ते. खाली वेळही होती, दुपारी बारा चाळीस. तुम्ही पटकन मिटलंत ते, पण मी मागंच उभी होते." तिनं मांडीवरची सालं परातीत झटकली. "ती प्रश्नचिन्हं बघितली तेव्हाच मी आत जाऊन सूनबाईला फोन लावला होता. तिच्याजवळ आदल्या दिवशीची प्रत होती, ती तिनं मधल्या सुट्टीत पाठवून दिली. आणि दोन वाजता तिला खोकला वगैरे काही झाला नव्हता."