मोरीपाशी गाडी हळू होते

राऊत मास्तरांच्या दारावर बेल नाही, सिग्नल आहे. चौकटीच्या वर दोन छोटे दिवे, एक लाल, एक हिरवा. आपण कडी वाजवायची आणि लाल दिव्यासमोर उभं राहायचं. आत मास्तर आधी घड्याळ बघतात, मग गॅस बंद आहे का ते बघतात, मग लेंग्याची नाडी बघतात, आणि मग हिरवा देतात. त्याआधी दार ढकललंत तर पुढचा महिनाभर सगळ्या बिल्डिंगमध्ये तुमचं नाव 'सिग्नल तोडणारा'.

तळमजल्यावरच्या हंसाबेन एकदा ताटली घेऊन चार मिनिटं दाराबाहेर ताटकळल्या. शेवटी ओरडल्या, "मास्तर, ढोकळां ठंडां थई गयां!"

आतून शांत आवाज आला, "बेन, आत एक गाडी उभी आहे. लाईन क्लिअर नाही."

आत उभी असलेली गाडी म्हणजे दूधवाला.

मास्तर रेल्वेत स्टेशन मास्तर होते. रिटायर होऊन डहाणूला आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायला आले, पण नोकरी सुटली ती फक्त रेल्वेच्या कागदावर. 'लाईन क्लिअर आहे का?' हे विचारल्याशिवाय ते बाथरूममध्येही जात नाहीत, आणि घरात ते एकटेच असतात. बायको होती. एका दुपारी तिने सुरतेची डाऊन गाडी पकडली आणि मुलीकडे गेली, ती परत आली नाही. त्याबद्दल मास्तर एवढंच म्हणतात, "वेळेवर सुटली."

त्यांचा हॉल म्हणजे एक प्लायवूडचा मांडव आहे. कंबरेएवढ्या उंचीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत खेळण्यातल्या गाडीचे रूळ. जेवायचं टेबल विकून टाकलं, पलंग मांडवाखाली सरकवला. झोपायला जाताना मास्तर गुडघ्यावर बसून मांडवावरच्या डोंगराखाली शिरतात. चिकूची वाडी केलीय भांडी घासायच्या हिरव्या काथ्याची. गवत म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा. रुळाखालची खडी चहाच्या गाळणीने गाळलेली. तिकीट खिडकी आहे, पाण्याची टाकी आहे, बाकावर झोपलेलं कुत्रंसुद्धा आहे. फक्त स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवर नाव नाही. पाटी कोरी.

"मास्तर, स्टेशन कुठलं हे?"

"गाडीला माहीत आहे."

या सगळ्याचे ते व्हिडिओ काढतात आणि इंटरनेटवर टाकतात. दर रविवारी दुपारी चारला शूटिंग. फोन उघड्या मालडब्यावर रबराने बांधून एक फेरी, रुळाच्या उंचीवरून दुसरी फेरी, वाडीच्या आडून तिसरी. ही दुसरी आणि तिसरी फेरी मी काढतो. माझं काम म्हणजे तांदळाच्या पुरचुंडीवर फोन टेकवून श्वास रोखून बसायचं. शिंकलो तर 'गाडी रद्द'. एकदा माझा अंगठा चौकटीत आला, तेव्हा मास्तर म्हणाले, "रुळावर अतिक्रमण."

आता मी तिथे का जातो, ते सांगतो. हौस म्हणून जात नाही.

माझा बाप गँगमन होता. रूळ ठोकायचा, खडी ओढायचा, उन्हात. मी आमच्या घरातला पहिला बी.ए., नंतर बी.एड., आज तलासरी तालुक्यात शाळामास्तर आहे. हे मी मान वर करून सांगतो, कारण ते आयतं मिळालेलं नाही. मी सहावीत असताना एका छोट्या स्टेशनाच्या पुढे मोरीवर गँगचं काम चाललं होतं. मोरी म्हणजे रुळाखालून ओढा जातो तो लहानसा पूल. काम चालू असलं की स्टेशन मास्तर प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात कागद देतो, की पुढे माणसं आहेत, गाडी हळू घे. त्याला कॉशन म्हणतात. त्या दिवशी एक गाडी हळू झाली नाही. बाकीच्यांना ढकलून बाहेर काढताना बाबांचा डावा पाय गेला, घोट्याच्या वरून.

बाबा म्हणत होते, कागद ड्रायव्हरला मिळालाच नाही. चौकशीत ठरलं, चूक गँगची, लाल झेंडी नियमाच्या अंतरावर नव्हती. लिहिणारे सगळे तिकडच्या बाजूला होते. बाबांनी खाली अंगठा उठवला, कारण दुसरं काही येत नव्हतं.

त्या स्टेशनावर त्या दिवशी ड्युटीला राऊत मास्तर होते.

मी डहाणूत तळमजल्यावर घर घेतलं, बाबांना जिना नको म्हणून. सामान उतरवत असतानाच वरचे शेजारी ओळख करून घ्यायला आले. त्यांचं नाव आणि जुनं स्टेशन ऐकताच मी ओळखलं, आणि मुद्दाम मोठ्याने बापाचं नाव सांगितलं, गँगचा नंबर सांगितला. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "तुमचा हात स्थिर आहे का? रविवारी चार वाजता या."

म्हणून मी गेलो. मला त्यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. एकच. कागद मी दिला नाही. तीन वर्षं दर रविवारी मी त्या वाक्याची वाट बघत तांदळावर फोन टेकवत होतो, आणि मास्तर मला नवीन डब्याचा रंग बरोबर आला का, ते विचारत होते.

एक गोष्ट मात्र मी पहिल्या दिवसापासून बघितली होती. स्टेशन सोडल्यावर गाडी वेग घेते, वाडी ओलांडते, आणि एका छोट्या मोरीच्या अलीकडे शिट्टी देऊन मुंगीसारखी चालायला लागते. तिथे काही नाही. माणूस नाही, झेंडी नाही. व्हिडिओखाली लोक लिहितात. भुसावळचा एक जण तर हात धुऊन मागे लागलाय, "मास्तर, तिथे मोटर अडकते, तेल द्या." मास्तर उत्तर देतात, "गाडी ठीक आहे."

मी कधी विचारलं नाही. मला खूण नको होती, वाक्य हवं होतं. खुणा काय, आमच्या लोकांना आयुष्यभर खुणाच मिळाल्या.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी बाबा म्हणाले, "चल, वर."

"बाबा, बेचाळीस पायऱ्या आहेत."

"मोजल्यास तर मग चल."

कुबडी टेकत, दर चार पायऱ्यांवर थांबत बाबा चढले. दारात लाल दिवा. मी दार ढकलणार, तर बाबांनी मनगट धरलं. "थांब. सिग्नल नाय दिला अजून." माझा बाप, एका पायावर, त्या माणसाच्या लाल दिव्यासमोर ताठ उभा होता, आणि मला चप्पल फेकून तो दिवा फोडावासा वाटत होता.

मास्तरांनी दाराच्या भोकातून बघितलं असावं. हिरवा पटकन लागला. दारात आलेल्या मास्तरांच्या लेंग्याची नाडी लोंबत होती. ती त्यांनी आज बघितली नव्हती.

बाबांना खुर्ची दिली. मी नेहमीसारखा फोन तांदळावर टेकवला, मास्तरांनी गाडी सोडली. वाडी, वळण, शिट्टी, आणि मोरीपाशी गाडी हळू झाली. बाबांनी एक फेरी बघितली, दुसरी बघितली.

"साहेब," बाबा म्हणाले, "कॉशन अजून हाय?"

"आहे."

"काम तर कधीच झालं. माणसं बाजूला झाली."

मास्तरांचा हात वेगाच्या बटणावरच होता. त्या बटणाकडे बघत ते म्हणाले, "कागद माझ्या टेबलावरच राहिला होता. घडी घालून पेपरवेटखाली. गाडी समोरून गेली आणि मी हिरवी झेंडी दाखवत उभा होतो."

"माहीत हाय," बाबा म्हणाले. "सोडा आता तिला. पळू दे."

"अशी नाही सोडता येत. काम संपलं, असं गँगने लेखी द्यावं लागतं. नियम तो नियम."

मला वाटलं, आता बाबा कुबडी उचलतील. पण ते हसले. मास्तरांच्या कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "लिही रे. तू शिकलेला. काम पूर्ण, गाडी नेहमीच्या वेगाने सोडावी. खाली मी अंगठा उठवतो."

आमच्या सात पिढ्यांत कागदावर काही ठरवायची पाळी पहिल्यांदा आमच्यावर आली होती. मी पेन काढलं. वाक्य साधं होतं, माझ्या पाचवीच्या पोरांनाही आलं असतं. मला हवं होतं ते वाक्यही नुकतंच मिळालं होतं, आणि ते हातात घेऊन बघितलं तर एवढंसं होतं. त्यात पाय मावत नव्हता.

मी लिहिलं नाही.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मास्तर मात्र बघत नव्हते. म्हणाले, "घाई नाही. कागद येईपर्यंत कॉशन कायम."

मग ते आत गेले आणि तीन कप चहा घेऊन आले. बाबांचा कप त्यांनी दोन्ही हातांनी दिला. बाबांनी चहा पिता पिता मांडवावरची खडी बोटाने चाचपली आणि म्हणाले, "जास्त बारीक हाय. पहिल्या पावसात बसेल ही." पुढच्या रविवारी बघितलं तर मोरीजवळची खडी बदललेली होती.

त्या दिवशीचा व्हिडिओ मास्तरांनी आवाज बंद करून इंटरनेटवर टाकला. मोरीपाशी चित्र हलतं, गाडी दोनदा चौकटीबाहेर जाते. भुसावळवाल्याने खाली लिहिलंय, "गाडी छान. कॅमेरामन बदला."

मास्तरांनी बदलला नाही. मी अजून चारला वर जातो, लाल दिव्यासमोर उभा राहतो. बाबाही येतात, बेचाळीस पायऱ्या, कुणी हात दिलेला त्यांना चालत नाही. तो कोरा कागद टेबलावर तसाच आहे, पेपरवेटखाली, आणि शेजारी एक पेन, टोपण काढून ठेवलेलं.