अध्यक्षांचं अर्धं नाक

गोंदियातल्या त्या लहानशा चित्रकला विद्यालयात यंदा दोनच मुलींनी प्रवेश घेतला, आणि संस्थेचे नवे अध्यक्ष जागेश्वरभाऊ यांचा नवेगाव बांधहून फोन आला. "शिकलेली पोरं रिकामीच फिरून राहिली. कायले चालवायचं? रविवारी दुपारी येतो, बंद करून टाकू."

या अध्यक्षांना अजून कोणी पाहिलेलंही नव्हतं. आपले विद्यार्थी कलेवर जगतात हे त्यांना दिसावं, म्हणून केशोराव सरांनी जुन्या पोरांना बोलावून घेतलं. कुडव्याहून मेंदी काढणारी नूतन रविवारी सकाळीच आली, देवरीहून देवळं रंगवणारा इंद्रकुमार आला. वर्गातला टर्पेंटाइनचा वास येताच दोघं पुन्हा विशीतली झाली.

"सर, पहिल्यासारखं एक स्केच होऊन जाऊ द्या ना!"

सरांना भरून आलं. त्यांनी भैय्यालालला फोन लावला. कितीतरी बॅचेस त्याचंच चित्र काढत शिकल्या होत्या.

"गुडघा दुखून राहिला, सर. भावाले पाठवतो. मोठ्या मिशा आहेत त्याच्या."

थोड्या वेळाने दारात धोतर नेसलेला मिशाळ माणूस उभा राहिला.

"या, या! तुमचीच वाट पाहून राहिलो!" सरांनी त्याला स्टुलावर बसवलं, डोक्याला गमछा बांधला, मांडीवर घागर दिली.

"सत्कार आहे का जी?"

"तसंच समजा. फक्त हलू नका!"

त्याच्या खिशातला फोन वाजला, तो सरांनीच बंद केला. मग ते पूर्वीसारखे पोरांच्या पाठीमागून फिरू लागले. "सावली, नूतन, सावली! किती वेळा सांगू?" ओरडा खाऊन नूतन खुशीत हसली.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "मी भैय्यालालचा भाऊ. कुठं बसू जी?"

सरांच्या पायाखालची जमीनच सरकली. "मग... आपण?"

"जागेश्वर. लवकर निघालो घरून."

सरांनी घाईघाईने घागर उचलली. "साहेब, मोठी चूक झाली..."

अध्यक्ष मुंग्या आलेला पाय ओढत चित्रांपाशी गेले. बराच वेळ बघत राहिले.

"आमच्या बाबाचा एकही फोटो नाही घरी," ते हळूच म्हणाले. "डोक्याले गमछा बांधून असाच दिसे तो." मग त्यांनी चित्रातल्या नाकाकडे बोट केलं. "दोघांनीही नाक अर्धंच काऊन ठेवलं?"

"नाकाला वेळ लागतो, साहेब," इंद्रकुमार म्हणाला.

"मंग होऊ द्या पूर्ण. मी दर रविवारी येऊन बसतो. तोवर विद्यालय चालू द्या. आन हे दोघं नव्या पोरींले शिकवतील. कामासाठी वणवण काऊन करायची?"

ते फाटकाबाहेर पडेपर्यंत सर हात जोडून उभे होते. मग गर्रकन वळले.

"खबरदार, नाक कोणी पूर्ण केलं तर!"