गजाबा अस्वल, त्याची लेक आणि सातासमुद्रापारचे वॉलरस

एका जंगलात, बाळांनो, फुटबॉलचं मैदान नदीकाठी होतं आणि फुटबॉलचे चाहते वडाखाली होते. मध्ये हाकेचं अंतर होतं. पण ते कुणी चाललं नाही.

वडाखाली असं काय होतं? वडाखाली पडदा होता. वानरांनी शेंड्यावर एक तबकडी बसवली होती. तिच्यातून सातासमुद्रापारच्या बर्फाळ देशातली फुटबॉल लीग दिसायची. तिकडे दुपार झाली की इकडे संध्याकाळ व्हायची, आणि सगळं जंगल पडद्यासमोर येऊन बसायचं. हरीण वाघाला टेकून बसायचं. वाघ त्याला खायचा नाही, कारण दोघंही एकाच संघाचे होते.

गजाबा अस्वल वॉलरसांचा चाहता होता. वॉलरस म्हणजे लांब सुळ्यांचा, मिशाळ, गलेलठ्ठ असा समुद्रातला प्राणी. गजाबाने तो समोरासमोर कधी पाहिला नव्हता. बर्फही पाहिला नव्हता. पण त्याने बांबूचे दोन सुळे करून तोंडाला बांधले होते. त्यामुळे त्याला पोळ्यातला मध खाता येत नसे.

"निष्ठा म्हटली की एवढं आलंच," तो म्हणायचा.

त्याचा जुना मित्र येसू साळिंदर पांढऱ्या अस्वलांच्या संघाचा होता. त्याने आपले सगळे काटे चुन्याने रंगवले होते.

"अरे गजाबा, तिथे चक्क अस्वलांचा संघ आहे," येसूने एकदा विचारलं, "आणि तू अस्वल असून वॉलरसांच्या बाजूने?"

"ती अस्वलं बाहेरची," गजाबा म्हणाला. "आमचा खेळच वेगळा."

पुढे पांढऱ्या अस्वलांनी वॉलरसांना हरवलं आणि दोन मित्रांचं बोलणं बंद झालं. अगदीच गरज पडली तर शिव्या देत.

गजाबाला एक लेक होती. तिचं नाव तानी. ती जंगलाच्या संघाची गोलकीपर होती. हो, या जंगलालाही एक संघ होता. त्याचं असं झालं होतं, की नदीत एक मोठा डोह होता आणि नदीच्या पलीकडे रानडुकरांचं रान होतं. पूर्वी डोहाच्या पाण्यावरून दर उन्हाळ्यात मारामाऱ्या होत, जीव जात. शेवटी शहाण्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, की उन्हाळ्याआधी फुटबॉलचा एक सामना खेळायचा. जिंकेल त्याने उन्हाळाभर डोहाचं पाणी प्यायचं. हरेल त्याने डोंगरावरच्या झऱ्यावर जायचं. झरा लांब होता आणि करंगळीएवढा होता.

सामन्याच्या दिवशी तानी लंगडत बापाकडे आली.

"बाबा, आज येता ना मैदानावर?"

"आज? आज आमची मॅच आहे."

"माझीपण आजच आहे."

"तुझी दर वर्षी असते."

"त्यांचीही दर वर्षी असते."

"त्यांची इतिहासात जाते," गजाबा म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "आणि त्यात आमच्या डाव्या बचावपटूचा पाय दुखावलाय. काल सरावात मुरगळला. दुपारी बर्फाने शेकला म्हणे. मला तर घास गेला नाही."

तानीने आपला सुजलेला पाय मागे घेतला आणि ती मैदानाकडे गेली.

मैदानाच्या पलीकडच्या काठावर सगळी रानडुकरं हजर होती. म्हातारी, पिल्लं, आजारी, सगळी. अलीकडच्या काठावर तानीची आई सगुणा होती. बाकी गवत होतं.

पंच होते कासवतात्या. अतिशय न्यायी. फक्त त्यांना दिसत नसे. त्यामुळे काही वाद झाला की ते दोन्ही काठांना विचारत आणि ज्या बाजूचा आवाज मोठा, तो निकाल देत. पडदा येण्याआधी हे बरोबर चालायचं, कारण दोन्ही काठांवर आवाज सारखाच असे आणि मग दोन्ही काठांना शेवटी खरं बोलावं लागे.

सामना बरोबरीत चालला होता. शेवटी शेवटी रानडुकरांच्या आघाडीच्या खेळाडूने चेंडू असा हाणला, की गोलच झाला असता. पण तानीने दुखऱ्या पायावर उडी घेतली आणि चेंडू रेषेच्या अलीकडे छातीशी धरला. धरला म्हणजे अगदी कवटाळला.

कासवतात्यांनी मान बाहेर काढली. "गेला की अडला?"

"गेला! गेला!" पलीकडचा काठ गरजला.

"आणि अलीकडे काय म्हणणं आहे?"

"अडला! माझ्या डोळ्यांनी पाहिलं!" सगुणा ओरडली.

"आपण कोण?"

"मी तिची आई."

"आईची साक्ष धरत नाहीत," कासवतात्या हळहळून म्हणाले. "दुसरं कुणी?"

दुसरं कुणी नव्हतं. त्याच क्षणी वडाकडून मोठा आरडाओरडा ऐकू आला. तानीने आशेने तिकडे पाहिलं. पण तो बर्फाळ देशातल्या कॉर्नरसाठी होता.

कासवतात्यांनी गोल दिला. डोह गेला.

चिखलाने माखलेली तानी घरी आली तेव्हा गजाबा गुहेच्या दाराशी बसून हुंदके देत होता. बांबूचे सुळे भिजले होते. तानीला वाटलं, बापाला कळलं. तिला भरून आलं. तिने त्याच्या पाठीवरून पंजा फिरवला.

"बाबा, रडू नका. मी अडवला होता हो तो."

"तू काय अडवणार?" गजाबा स्फुंदत म्हणाला. "आमचा गोलकीपर एवढा वॉलरस, त्याच्या पोटाखालून गेला!"

तानीने पंजा काढून घेतला. सगुणाने मग काय घडलं ते सगळं सांगितलं. गजाबाने डोळे पुसून नीट ऐकून घेतलं आणि तो खिन्नपणे म्हणाला, "तरी मी म्हणतो, आपल्याकडे प्रेक्षकच नाहीत. तिकडे बघ. बर्फ पडत असतो, तरी आख्खं गाव मैदानावर. खेळ असा वाढतो."

 सगुणा झऱ्याची वाट किती खडी आहे ते बघायला गेली.

दुसऱ्या दिवशी रानडुकरांचा मुखिया नदी ओलांडून तानीकडे आला.

"पोरी, खरं सांगू का? तू अडवला होतास," तो म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी पाहिलं. असं अडवणं आम्ही जन्मात पाहिलं नाही. आमच्याकडे खेळतेस?"

"तुमच्याकडे सामने बघायला येतं कुणी?"

"न येऊन करतात काय? घरी बसलं तर बायको रागावते."

तानीने रात्रभर विचार केला आणि सकाळी ती आईच्या पाया पडून नदीपलीकडे गेली.

पलीकडे तिचं नाव झालं. इतकं झालं, की रानडुकरांच्या रानाने स्वतःची लीग काढली. ही बातमी वानरांनी ऐकली. परदेशी लीग म्हटल्यावर त्यांनी तबकडी थोडीशी वळवली, आणि वडाखालच्या पडद्यावर तानी दिसू लागली.

जंगल वेडं झालं. पोरांनी अंगाला चिखल फासला. येसूने चुना धुऊन काढला. गजाबाने बांबूचे सुळे तासून रानडुकराचे करून घेतले. त्याला आता अभिमान वाटू लागला होता. "आमची कीपर" असं तो तिला म्हणायचा.

मग पुन्हा उन्हाळ्याआधीचा सामना आला. जंगलाच्या गोलमध्ये या वेळी एक मुंगूस उभं होतं. चेंडू आला की ते बिळात जात असे. वडाखाली तुडुंब गर्दी होती. रानडुकरांनी गोल केला की जंगल नाचायचं. तानीने जंगलाचा एकमेव बरा फटका अडवला, तेव्हा गजाबा आणि येसू वर्षानुवर्षांचा अबोला सोडून एकमेकांच्या गळ्यात पडले. त्यात गजाबाला बरेच काटे टोचले, पण त्याला ते जाणवले नाहीत.

डोह पुन्हा गेला. त्याबद्दल वडाखाली मिठाई वाटली गेली.

भर उन्हाळ्यात तानी माहेरी आली. डोहाच्या पाण्याने भरलेला मोठा भोपळा तिने पाठीवर आणला होता. गजाबाचे ओठ फुटले होते. तिने त्याच्या तोंडाला पाणी लावलं. तो घटाघट प्यायला. मग मिशा पुसून त्याने मोठा सुस्कारा सोडला.

"काय खेळतेस गं! एकच कोडं मला सुटत नाही. अशी गोलकीपर आपल्या जंगलात का तयार होत नाही?"

येसूनेही मान हलवली. "मातीच तशी नाही आपली."

तानीने भोपळा पुन्हा तिरका केला.

"अजून घ्या, बाबा," ती म्हणाली. "गार आहे."

तात्पर्य : आपल्या माणसांचं कौतुक जरूर करावं. मात्र ती परक्यांची झाली आहेत, याची आधी खात्री करून घ्यावी.