शून्य अंगठ्यांचं पेज

"प्रसिद्धीचं माझ्यावर सोडा!" आह्ती एप्रिलच्या सभेत ताडकन उठून म्हणाला. "जुलैत गर्दी आवरायला शेजारच्या गावातून पोलीस मागवावे लागतील!"

हाउकिलाम्पीच्या ग्राममंडळात एवढं लांबलचक कुणी बोलल्याला दहा वर्षं तरी झाली असतील. सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघायला लागले. अध्यक्ष राइया तेवढी म्हणाली, "आह्ती, शंभर माणसं. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी शंभर आली तर नाचमंडप राहील. नाही आली, तर मोडायचा आणि लाकूड विकायचं. ठरलंय तसं."

"शंभर? दीडशे आणतो!"

बोलून तर बसला! आता हा आह्ती म्हणजे तळ्याकाठच्या त्या लाकडी नाचमंडपाचा तीस वर्षांचा राखणदार. मंडपाची फळ्यांची जमीन त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने ठोकलेली. दर वसंतात आह्ती गुडघ्यांवर बसून तिला मेण घासायचा, आणि कुणी टाचेचे बूट घालून आत शिरलं की मेणाचा डबा घेऊन त्याच्या मागे मागे फिरायचा. तो मंडप मोडायचा म्हणजे त्याला बापाचं घर मोडल्यासारखंच होतं.

त्याने त्याच रात्री मंडपाचं पेज काढलं. आठवड्याभरात चारशे बारा लोक सामील! गावात माणसं सहाशे, त्यात तान्ही मुलंही आली. आह्ती खूश. त्याने मंडपाचा फोटो टाकला. मग तळ्याचा टाकला, मग मेणाच्या डब्याचा. जूनपर्यंत तेवीस फोटो झाले.

अंगठे किती आले? एक. तोही त्याचा स्वतःचाच.

"तुझं पेज मेलंय," कालेर्वो म्हणाला. कालेर्वो म्हणजे शेजारी, पेजचा दुसरा ॲडमिन, मंडपाच्या वाद्यवृंदात अकॉर्डियन वाजवणारा आणि जगातल्या प्रत्येक विषयाचा जाणकार. "मेलंय म्हणजे, जिवंत आहे, पण कुणाला दिसत नाही. याला शॅडोबॅन म्हणतात."

"हे काय नवीन?"

"छुपी बंदी रे! तू आपला घसा फोडून ओरडतोयस, पण कंपनीने खोलीचं दार बाहेरून लावलंय. आणि गंमत म्हणजे तुला कळवत नाहीत. तुला वाटतं, सगळं छान चाललंय!"

"पण मी केलं काय?"

कालेर्वोने फोन हातात घेऊन एकेक फोटो मागे सरकवला आणि बोट ठेवलं. "हे!"

मे महिन्यात सगळ्यांनी मिळून मंडप रंगवला होता. काम झाल्यावर अर्थातच सगळे कपडे उतरवून सौनाच्या वाफेत बसले, आणि तिथून तसेच तळ्यात. आह्तीने मागून फोटो काढला होता: सहा सदस्य, सहा पाठी, आणि पाठींच्या खाली जे असतं तेही.

"पण हे तर मंडळाचं अधिकृत छायाचित्र आहे!" आह्ती म्हणाला. "मधला खजिनदार आहे!"

"कंपनीला काय कळतंय सौना! त्यांच्या मशीनने बारा कुल्ले मोजले आणि दार लावलं."

आह्तीच्या तोंडचं पाणी पळालं. फोटो ताबडतोब काढून टाकला. तीन दिवस पेजवर कडकडीत मौन पाळलं. सगळे हॅशटॅग पुसले. चौथ्या दिवशी तळ्याचा नवा फोटो टाकला. अंगठे शून्य.

"लोकांना सरळ विचारू या का, दिसतंय का म्हणून?" त्याने भीतभीत सुचवलं.

"वेडा आहेस का! 'माझा फोटो बघितलात का' असं विचारायचं? लाज वाटत नाही?" कालेर्वो दचकलाच. आह्तीलाही स्वतःची लाज वाटली. "पण खात्री करून घेता येईल. असं काहीतरी लिही, की वाचून कुणी गप्प बसूच शकणार नाही."

दोघांनी अर्धा तास डोकं खाजवलं आणि मग आह्तीने लिहिलं: 'या वर्षी मंडपात कॉफी मिळणार नाही.'

फिनलंडमध्ये सरकार पडलं तर लोक सोसतील, पण कॉफी नाही? तासाभरात दारावर मोर्चा यायला हवा होता! दोघं दिवसभर फोनकडे बघत बसले. संध्याकाळपर्यंत एक अक्षर नाही.

"संपलं," कालेर्वोने टोपी काढली. "आता शंकाच नको. कॉफी नाही म्हटल्यावर आपली माणसं गप्प बसतील? कुणी वाचलेलंच नाही!"

"मग आता रे? शनिवारला दोन आठवडे राहिले! राइया रोज विचारते, लोक येतील ना म्हणून. आणि मी गाढवासारखा हो म्हणतो!"

"एक उपाय आहे. रोज सकाळी पेजवर काहीतरी लिही. जाहिरात नको, फोटो नको. खरंखुरं, मनातलं. मशीनला कळलं पाहिजे, की इथे जिवंत माणूस बसलाय. मग बंदी आपोआप उठते."

"मनातलं? पेजवर?"

"अरे, दिसणार कुणाला आहे!"

एवढं सांगून कालेर्वो जुलैची सुट्टी घालवायला आपल्या जंगलातल्या झोपडीत निघून गेला. तिथे वीज नाही, नेट नाही, आणि बायकोच्या मते कालेर्वोला बोलायला कुणी नाही, म्हणून जागा उत्तम.

आह्ती दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कॉफी घेऊन बसला. मनातलं लिहायचं म्हणजे काय, हे त्याला बराच वेळ सुचेना. मग भीतभीत लिहिलं: 'राइया वेलदोड्याचे पाव करते ते चवीला चांगले असतात, पण दात सांभाळावे लागतात.' इकडे तिकडे बघितलं. काही झालं नाही. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं!

तिथून गडी सुटलाच. मंगळवारी लिहिलं: 'कालेर्वोचं अकॉर्डियन टँगोच्या शेवटाला नाचणाऱ्यांच्या आधी पोचतं.' बुधवारी लिहिलं: 'तीस वर्षं मंडप सांभाळतोय, पण मला नाचता येत नाही. सगळे गेले की मी झाडूबरोबर टँगोचा सराव करतो. झाडूसुद्धा कंटाळलाय.' आणि शुक्रवारी, दोन कप कॉफी पोटात गेल्यावर, लिहिलं: 'ग्रंथालयातल्या तुइरेला नाचायला विचारायचं असं तीन उन्हाळे ठरवतोय. तिचा निळा झगा दिसला की मी मेणाचा डबा शोधायला जातो. डबा माझ्या हातातच असतो.'

अंगठे शून्य. बंदी काही उठेना! पण आह्तीला आता लिहिल्याशिवाय सकाळ गोड लागत नव्हती.

त्या दिवसांत गावात चमत्कारिक गोष्टी घडायला लागल्या. दुकानात आह्ती शिरला, की बोलणी बंद. अर्थात आधीही फारशी चालू नसायची, त्यामुळे त्याला काही वाटलं नाही. एका सकाळी पायरीवर कोरा करकरीत झाडू ठेवलेला, गुळगुळीत बारीक दांड्याचा. कुणीतरी विसरलं असेल म्हणून त्याने त्याच झाडूने अंगण झाडून काढलं. ग्रंथालयात मासेमारीची दोन पुस्तकं घेतली, तर घरी पिशवीत तिसरं निघालं: टँगोची पावलं, चित्रांसह. तो दुसऱ्याच दिवशी परत द्यायला गेला.

"हे चुकून माझ्याकडे आलं," तो म्हणाला.

तुइरेने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "चुकून?"

"मासे नाहीत यात."

"नाहीत," तुइरे म्हणाली, आणि पुस्तक फळीवर इतक्या जोरात ठेवलं, की शेजारचं पडलं.

शनिवार उजाडला. संध्याकाळी साडेसहाला मंडप चकाचक, मेण घासलेलं, कालेर्वो झोपडीतून येऊन वाद्य काढून बसलेला. दाराशी राइया माणसं मोजायचं बटणाचं यंत्र घेऊन उभी. पावणेसात झाले. यंत्रावर शून्य.

"पोलीस कुठे उतरवायचे ठरवलेत?" राइयाने विचारलं.

आह्ती वडिलांनी ठोकलेल्या फळ्यांकडे बघत होता. तो म्हणाला, "राइया, खरं सांगतो. पेज बंद पडलंय. छुपी बंदी. महिना झाला. कुणाला काही दिसलेलंच नाही. मी सांगायला हवं होतं गं, पण धीर झाला नाही."

राइया त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. एवढ्यात सात वाजले.

आणि झाडीमागून गाड्या आल्या! एकामागून एक! सगळ्यांत आधी आत शिरायची प्रत्येकाला लाज, म्हणून सगळा गाव साडेसहापासून वळणाआड गाड्या लावून गुपचूप बसला होता. माणसं उतरली आणि रांगेत उभी राहिली. राइयाचं बटण टकटक वाजायला लागलं. चाळीस. सत्तर. शंभर! आह्तीचे डोळे भरून आले. मग त्याला दिसलं, की प्रत्येकाच्या काखेत थर्मास आहे.

"हे... थर्मास कशाला?" त्याने रांगेतल्या खजिनदाराला विचारलं.

"कॉफी नाही म्हणालास ना."

"कुठे म्हणालो?"

"पेजवर."

आह्तीच्या कानात शिट्टी वाजायला लागली. "म्हणजे तुम्ही... पेज... वाचता?"

"सगळेच वाचतात. सकाळी सातला. बायको म्हणते, वर्तमानपत्रापेक्षा बरं असतं."

"मग एकाने तरी अंगठा का नाही दाबला? एक शब्द तरी!"

खजिनदाराला प्रश्नच कळला नाही. "का? काही चुकीचं थोडंच लिहिलं होतंस?"

"पावाचं तेवढं चुकीचं होतं," राइया बटण दाबत म्हणाली. "मी आता कमी भाजते."

मंडपातून कालेर्वोचा आवाज आला, "माझ्या पेटीत हा ताल मोजायचा मेट्रोनोम कुणी ठेवला? कसला टकटकतोय!"

पाव... अकॉर्डियन... झाडू... आणि मग शुक्रवार आठवला! धरणी दुभंगेल तर बरं, असं आह्तीला झालं, पण वडिलांनी ठोकलेली जमीन, ती काय दुभंगते! तो सरळ मागच्या दाराने निसटला आणि लाकडाच्या खोपटात जाऊन ओंडक्यावर बसला. शंभर आले, मंडप वाचला, आता मी दुसऱ्या गावी राहायला गेलो तरी चालेल, असा त्याचा हिशेब होता.

आत दोन गाणी झाली. मग राइयाने भोंग्यातून पुकारलं, "यापुढे बायकांची निवड!" म्हणजे आता बायकांनी पुरुषांना नाचायला विचारायचं. खोपटाचं दार करकरलं. दारात निळा झगा.

"मेणाचा डबा शोधताय?" तुइरेने विचारलं.

आह्तीने हातात बघितलं. डबा होता.

"बायकांच्या निवडीला नाही म्हणायची पद्धत नाही, माहीत आहे ना?"

"पण मला नाचता येत नाही हो!"

"वाचलंय मी. पुस्तकही दिलं होतं. म्हणे, मासे नाहीत यात!"

नाचले दोघं. आह्तीने पहिल्या टँगोत तिचा पाय चार वेळा तुडवला, दुसऱ्यात दोन वेळा. एकशे सत्तेचाळीस माणसं नजर दुसरीकडे लावून सगळं बघत होती. रिवाजाप्रमाणे दोन नाच झाल्यावर त्याने तिला जागेवर नेऊन सोडलं आणि विचारलं, "कसं होतं?"

"झाडूची दया आली," तुइरे म्हणाली. "पण सुधारणा आहे."

आह्ती घरी गेला तो रस्ताभर शीळ घालत. मंडप वाचला होता, बंदी नव्हती, आणि गावाने त्याच्याबद्दल सगळं वाचूनही त्याला नमस्कार करणं सोडलं नव्हतं. आणखी काय हवं माणसाला!

रविवारी सकाळी सातला त्याने पेजवर लिहिलं: 'एकशे सत्तेचाळीस. आभार.' साडेअकरापर्यंत अंगठे शून्य. आता त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. बारा वाजता फोन थरथरला. एक अंगठा! तुइरेचा! आह्ती खुर्चीतून उठला, बसला, पुन्हा उठला. तो स्क्रीनचा फोटो काढणार, एवढ्यात अंगठा गायब. पाठोपाठ तिचाच फोन.

"आह्ती, ऐका. चुकून दाबला गेला. लगेच काढलाय. कुणी बघितला नाही ना?"

"नाही... बहुतेक नाही. पण राहू दिला असता तर..."

"भलतंच काय!" तुइरेचा आवाज एकदम दबला. "लोक काय म्हणतील! ते जाऊ द्या, पुढच्या शनिवारी नाचायला येतेय मी. झाडू घरीच ठेवा."